जशी आहे तशी: जुन्या गाडीबद्दल फिरणाऱ्या एका मेसेजचा समाचार

सोयाबीनचे पैसे हातात आले की आमच्या आर्वी तालुक्यात दोन चौकशा वाढतात, स्थळांची आणि जुन्या चारचाकीची. त्याच सुमारास तो मेसेजही गटागटांत उगवतो. वर "जुनी गाडी घेणाऱ्यांनो सावधान", खाली जोडलेले हात. मजकूर थोडक्यात असा: ग्राहक कायदा फक्त नव्या वस्तूला लागतो. 'जशी आहे तशी घेतली' यावर सही केली की विषय संपला. मेकॅनिक नेऊन गाडी पाहिली असेल तर नंतर तक्रार करता येत नाही. भाडं मारायला गाडी विकत घेतली तर तुम्ही ग्राहकच नाही. केस करायची तर विकणाऱ्याच्या शहरात जाऊन, वकील लावून. म्हणून जे गेलं ते गेलं समजा, आणि वाद असेल तर निदान गाडी आपल्या नावावर करून घेऊ नका.

मी वकील नाही. तहसीलसमोर टेबल टाकून अर्ज टाइप करून देतो, वीसेक वर्षं झाली. या मेसेजवर विसंबून मुदत घालवलेली माणसं माझ्यासमोर येऊन बसतात, म्हणून हे लिहायला घेतलं. मेसेज पूर्ण खोटा असता तर बरं झालं असतं. त्यात दोन ठिकाणी अर्धं खरं आहे आणि लोक फसतात ते त्या अर्ध्यामुळेच.

आधी 'जुन्या वस्तूला कायदा नाही' हे घेऊ. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, लागू झाला २० जुलै २०२० ला. ग्राहक कोण, हे त्याच्या कलम २ मध्ये सांगितलंय: मोबदला देऊन वस्तू विकत घेणारा. वस्तू नवी असावी अशी अट तिथे नाही. उलट जुनी किंवा दुरुस्त केलेली वस्तू नवी म्हणून विकणं ही अनुचित व्यापारी प्रथा, असं हाच कायदा म्हणतो. म्हणजे जुना माल कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर होता. आणि दोष म्हणजे फक्त कंपनीतून आलेला दोष नव्हे. विकणाऱ्याने जो दर्जा सांगितला त्यापेक्षा वस्तू कमी निघाली, तर तोही दोषच.

आता पहिलं अर्धं खरं. हा कायदा व्यापाऱ्याविरुद्ध चालतो. शेजारच्या गुरुजींनी स्वतःची घरची गाडी तुम्हाला विकली तर ते व्यापारी होत नाहीत, तिथे ग्राहक आयोग कामाचा नाही. तिथे करार कायदा आणि दिवाणी न्यायालय. फसवणुकीवरून करार रद्द करून मागायला, फसवणूक कळल्यापासून तीन वर्षं मिळतात.

खरी गोम मात्र वेगळीच. कार बाजारवाला म्हणतो, "भाऊ, गाडी माही नाही, पार्टीची हाय. आपण फक्त मधात." विक्रीचा कागद होतो जुन्या मालकाच्या नावाने, पैसे जातात बाजारवाल्याच्या खात्यात, आणि खोट निघाली की दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात. म्हणून पैसे रोख देऊ नका, ज्याच्याशी सौदा केला त्याच्याच खात्यात टाका आणि त्याच्या दुकानाची पावती घ्या. पावती द्यायला नकार देणं हीसुद्धा या कायद्यात अनुचित प्रथाच आहे. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकृतपणाचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं, आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिली की तशी सूचना फॉर्म २९-सी मध्ये जाते. तो फॉर्म असेल तर 'आपण फक्त मधात' हे बोलणं टिकत नाही. मी दोन-तीन जणांना तो मागायला लावला. एका ठिकाणी दुकानदाराने तेवढ्यावरच किंमत कमी करायला सुरुवात केली. त्या गिऱ्हाईकाने गाडी घेतली नाही, ते बरं केलं.

'जशी आहे तशी' हा या मेसेजचा कणा आहे, म्हणून इथे जरा बसू. आपला करार कायदा १८७२ चा. त्यात कलम १७ फसवणुकीचं, आणि खाली समजावायला उदाहरणं दिली आहेत, ती घोड्याच्या विक्रीची. पहिलं: घोड्यात खोट आहे हे विकणाऱ्याला माहीत आहे, तो लिलावात घोडा विकतो आणि काहीच बोलत नाही. ही फसवणूक नाही. नुसतं गप्प राहणं गुन्ह्यासारखं धरलेलं नाही. दुसरं: घेणारी त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी आहे. तिथे नात्यामुळेच सांगणं त्याचं कर्तव्य ठरतं. तिसरं मला सगळ्यात आवडतं. घेणारा म्हणतो, "तू नाही म्हटलं नाहीस तर घोडा निर्दोष आहे असं मी धरून चालेन." विकणारा गप्प बसतो. कायदा म्हणतो, इथे त्याचं गप्प बसणं म्हणजे बोलणंच.

बैलबाजारात उभं राहिलेल्या कोणत्याही कास्तकाराला हे शिकवावं लागत नाही. तो दात पाहतो, चालवून पाहतो, आणि मग तोंडावर विचारतो, "मारका नाही ना? बसते का नांगराले?" प्रश्न विचारला की समोरच्याला उत्तर द्यावं लागतं, किंवा त्याचा चेहरा उत्तर देतो. तोच माणूस कार बाजारात गेला की म्युझिक सिस्टीम लावून पाहतो आणि सही करतो.

तर पैसे टाकण्याआधी विकणाऱ्याला एक मेसेज पाठवा: "गाडीला मोठा अपघात झालेला नाही, ती पाण्यात बुडालेली नाही, किलोमीटर मागे फिरवलेले नाहीत असं धरून मी पैसे देतोय. काही वेगळं असेल तर आत्ताच सांगा." त्याने होकार दिला तर ते त्याचं विधान झालं. गप्प बसला तर तुम्ही तिसऱ्या घोड्याच्या जागी. "असं लिहून देत नाही आम्ही" म्हणाला तर तुमचे पैसे अजून खिशात आहेत.

आणि त्या सहीचं काय? मालविक्री कायद्यात, १९३० च्या, कलम ६२ आहे. मालात गृहीत धरलेल्या अटी दोघांच्या करारातून काढून टाकता येतात. म्हणजे 'जशी आहे तशी' या शब्दांना वजन आहे, हे दुसरं अर्धं खरं. क्लच गेला, बॅटरी उतरली, एसी थंड करत नाही, यावर त्या सहीनंतर भांडणं अवघड. पण सांगितलेलं खोटं त्या सहीने धुऊन निघत नाही. तोंडाने 'अपघात नाही' म्हणायचं, जोड पुट्टीखाली लपवायचा आणि कागदावर 'जशी आहे तशी' लिहून घ्यायचं, हे तिन्ही एकत्र बसत नाही. जाणूनबुजून लपवणं हे कलम १७ मध्ये स्वतंत्र फसवणूक म्हणून लिहिलेलं आहे, नुसत्या गप्प बसण्यापेक्षा वेगळं.

हे मला पुस्तकातून कमी आणि मावसभावाच्या गाडीवरून जास्त कळलं. त्याने नागपूरच्या एका कार बाजारातून ४ लाख १० हजारांत सात वर्षं जुनी गाडी आणली. दोन महिन्यांत पुढचा उजवा टायर आतून साफ. अलाइनमेंट केली, पुन्हा तेच. शेवटी आमच्या इथल्या डेंटरने बोनेट उघडून आतल्या एप्रनवर, म्हणजे चाकावरच्या आतल्या पत्र्यावर, स्क्रू ड्रायव्हर ओढला, तर रंगाखालून पुट्टीची खपली निघाली आणि खाली वेल्डिंगची ओबडधोबड रेघ. गाडी समोरून जोरात ठोकलेली होती. बाजारवाल्याला फोन केला तर उत्तर एकच, "सही पाहा साहेब." सुदैवाने सौद्याच्या आदल्या रात्री त्याच माणसाने पाठवलेला आवाजी मेसेज भावाच्या फोनमध्ये होता: "एक नंबर गाडी, नॉन-अ‍ॅक्सिडेंटल, आपली गॅरंटी." सहीपेक्षा तो अकरा सेकंदांचा आवाज भारी पडला.

मेकॅनिक नेला म्हणून तक्रार जाते, हे तिसरं म्हणणं. मालविक्री कायद्याच्या कलम १६ मध्ये एवढंच आहे की तुम्ही माल तपासला असेल, तर त्या तपासणीत दिसायला हवे होते असे दोष नंतर मांडता येत नाहीत. बंपर खरचटलेला, टायर गुळगुळीत, काच तडकलेली, हे गेलं. रंगाखालचं वेल्डिंग अर्ध्या तासाच्या तपासणीत दिसायला हवं होतं असं कोणी म्हणणार नाही. तेव्हा मेकॅनिक जरूर न्या. उलट त्याला काय पाहायचं ते सांगा. बोनेटच्या आणि दारांच्या बिजागरीच्या बोल्टवरचा रंग फुटलाय का, म्हणजे पाना लागलाय का. पत्र्यावर चुंबक धरून, कारण जाड पुट्टीवर ते चिकटत नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून, कारण बुडालेल्या गाडीचा गाळ तिथे राहतो, धुणाऱ्याचा हात पोहोचत नाही. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझतो का. मुळात लागतच नसेल तर तो काढलेला असू शकतो.

जुन्या विम्याचा कागदही पाहा. सलग पाच वर्षं क्लेम घेतला नसेल तर नो क्लेम बोनस ५० टक्क्यांपर्यंत चढलेला असतो. भावाच्या गाडीच्या डॅशबोर्डमध्ये तो कागद पहिल्या दिवसापासून पडून होता आणि त्यावर बोनस होता शून्य. शून्य म्हणजे अपघात झालाच असं नाही. पॉलिसी मधे तुटली असेल, किंवा मालकाने बोनस दुसऱ्या गाडीकडे नेला असेल, कारण तो मालकाचा असतो, गाडीचा नव्हे. पण तिथे प्रश्न विचारायला हवा होता, तो आम्ही कोणीच विचारला नाही.

दोष सापडला की लोक पहिली चूक करतात ती गाडी दुरुस्त करून घेण्याची. मग आयोगाला दाखवायला उरतं काय, तर बिल. आधी फोटो, मग अधिकृत सर्व्हिस सेंटरचा किंवा सर्व्हेयरचा लेखी अहवाल, मग रजिस्टर पोस्टाने नोटीस, आणि पाना त्यानंतर. फोनमधले मेसेज पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं, प्रमाणपत्र सोबत जोडलेलं बरं. आणि फोन बदलू नका, जुना जपून ठेवा.

भाड्याच्या गाडीचं म्हणणं तर सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच निकालात काढलंय, लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात. स्वतः चालवून पोट भरायला ऑटोरिक्षा किंवा ट्रक घेणारा माणूस ग्राहकच आहे. ड्रायव्हर ठेवून निव्वळ धंदा करणाऱ्याचं वेगळं. २०१९ च्या कायद्यातही स्वयंरोजगाराची ही सूट आहे. तेव्हा पुलगाव-आर्वी काळीपिवळी स्वतः हाकणाऱ्याला कोणी 'तू व्यापारी' म्हणत असेल तर त्याला हा खटला सांगा.

विकणाऱ्याच्या गावी जायचं, हे कधीकाळी बरंचसं खरं होतं. १९८६ च्या कायद्यात तक्रार साधारण तिथेच करावी लागे जिथे समोरचा राहतो किंवा धंदा करतो, नाहीतर जिथे कारण घडलं. आता तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्याच्या आयोगातही करता येते. गाडी नागपूरची, तक्रार वर्ध्यात. विदर्भाच्या अकराही जिल्ह्यांना जिल्हा आयोग आहे. ५० लाखांपर्यंतचा मोबदला जिल्हा आयोगाच्या हद्दीत येतो, आणि दिलेला मोबदला ५ लाखांच्या आत असेल तर फी शून्य. वकील सक्तीचा नाही. तक्रार ऑनलाइन भरता येते, हेल्पलाइन १९१५. मुदत दोन वर्षं, आणि तिच्यावर माझ्या टेबलापुढे सर्वात जास्त रडारड होते. निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच, असं कायद्यात लिहिलंय. प्रत्यक्षात तारखा पडतात, वर्ष-दोन वर्षं धरून चला. हे लपवण्यात अर्थ नाही.

राहिलं नाव न लावण्याचं. ते करू नका. पैसे तुम्ही दिलेत हे दाखवता आलं की तुम्ही खरेदीदार, आरसी कोणाच्या नावावर आहे त्यावर ते अडत नाही. नाव बदलण्यासाठी तुम्हाला ३० दिवस असतात. आणि विमा जुन्या मालकाच्या नावाने राहिला तर स्वतःच्या गाडीचं नुकसान मागताना तुमच्याच अंगावर येतं.

मावसभावाचं प्रकरण वर्ध्याच्या आयोगातून मध्यस्थीला गेलं. बाजारवाल्याने गाडी परत घेतली आणि ३ लाख ७० हजार दिले. चाळीस हजार वापराचे म्हणून कापले. तो जिंकला की हरला यावर वहिनीचं आणि त्याचं अजून एकमत नाही.

हे सगळं तुकड्या-तुकड्याने मी गटात टाकलं, तेव्हा तो मेसेज पुढे ढकलणाऱ्याच काकांनी विचारलं, "मंग जुन्या ट्रॅक्टरले लागू होते का हे?" होते काका. स्वतःच्या वावरासाठी, स्वतः चालवायला घेतला असेल तर होते. फक्त ट्रॉलीचं रजिस्ट्रेशन वेगळं असतं, तिचेही कागद मागून घ्या.