ताई, तुमच्याकडे कसला इतिहास?

कुणबी नोंद शोधायला म्हणून आमच्या घरचे मोडी कागद बाहेर निघाले, तेव्हापासून कुटुंबाच्या ग्रुपवर वंशावळीचं भांडण पेटलंय. त्यातच चुलतभावाचा टोमणा: "ताई, तुमच्या अमेरिकेला कसला इतिहास? कालचं पोर ते!"

शनिवारी मुद्दाम मॅसॅच्युसेट्समधल्या डेडमला गेले. इथं जोनाथन फेअरबँक्स या यॉर्कशरहून आलेल्या शेतकऱ्याचं घर उभं आहे. तुळयांतली वर्तुळं मोजून लाकूड 1637 ते 1641 मधलं ठरवलंय. भाऊराया, तेव्हा शिवाजीमहाराज लहान होते! जोनाथन 1668 मध्ये वारला, घराण्याच्या आठ पिढ्या त्याच घरात राहिल्या. त्या काळी माणूस गेला की शेजारी घरभर फिरून यादी करायचे: गादी, लोखंडी भांडं, गाय, उरलेलं धान्य, प्रत्येकाची किंमत पौंड-शिलिंगांत. आमच्या आजोबांमागे काय उरलं, ते काकांच्या आवाजावर ठरलं.

दफनभूमीत स्लेटचे काळे दगड, वर पंख फुटलेली कवटी. सकाळच्या तिरप्या उन्हात अक्षरं उठतात, दुपारी दगड कोरा. तारखांत 1711/12 असं जोडवर्ष दिसतं, कारण 1752 पर्यंत यांचं नवं वर्ष 25 मार्चला लागायचं. पाडव्याच्या आसपासच की! बाईच्या दगडावर तिचं नाव असतं, खाली 'अमक्याची बायको'. पण नाव असतं. ग्रुपवर मी पणजीचं नाव विचारलं, तर चौघांनी चार नावं सांगितली.

हे लिहिताना एक गोष्ट मी गाळत होते. न्यू इंग्लंडच्या अशाच काही याद्यांत गुराढोरांसोबत माणूसही लिहिलाय, किमतीसकट. आणि 1641 च्या इथल्या कायद्यात मृत्युपत्र नसेल तर थोरल्या मुलाला दुप्पट वाटा होता. भावाला हे कळलं तर चहा पाजेल मला.

2005 च्या वारसा कायद्यातल्या बदलानंतर आमच्या जमिनीत माझाही हिस्सा होता. बाबा गेले त्या वर्षी, सुट्टीच्या तिसऱ्याच दिवशी, जेटलॅगमध्ये पेंगत मी हक्कसोडपत्रावर अंगठा देऊन आले. कुणी बळजबरी केली नाही. "तू काय येणारेस शेती करायला?" एवढंच, आणि नंतर मिसळ. फेरफारात माझं नाव एकदाच आलंय, तेही हक्क सोडल्याचं.

काल चुलतभावानं पक्की वंशावळ टाकली. सात पिढ्या, सगळे पुरुष. खाली सगळ्यांचे अंगठे पडले होते. मीही एक टाकला.