म्हणे, वाइन टाका, सगळं चालतं!

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या एखाद्या डीटीपीवाल्याने विंडोज सोडून लिनक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमचं नाव काढलं, की एक तरी शहाणा सांगतोच, "वाइन टाका, सगळं चालतं." (वाइन म्हणजे विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवायचं सॉफ्टवेअर.) चालतंय डोंबल! डीटीपी सॉफ्टवेअरचा सेटअप गुपचूप पूर्ण होतो, आयकॉनही येतो, आणि क्लिक केलं की "डोंगल सापडला नाही". डोंगल म्हणजे सॉफ्टवेअरच्या लायसन्सची यूएसबी किल्ली. सापडेल कसा? वाइन प्रोग्रामचं बोलणं लिनक्सला कळेल असं करून देते, बास. डोंगलचा ड्रायव्हर (त्याच्याशी बोलणारा प्रोग्राम) बसतो विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, आणि तो कर्नल इथे नाहीच. मग शहाणा वाइनट्रिक्सने (वाइनमध्ये जादा भाग घालायचं साधन) मायक्रोसॉफ्टचं डॉटनेट ४.८ घालायला लावतो. त्याचा इथे काय संबंध?

अहो, सरळ व्हर्च्युअलबॉक्स घ्या, म्हणजे लिनक्सच्या आतच अख्खा दुसरा कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर. त्यात विंडोज (लायसन्स वेगळं, हे कुणी आधी सांगत नाही), ४ जीबी रॅम, यूएसबी फिल्टरमध्ये (आतल्या विंडोजला कुठली यूएसबी द्यायची ती यादी) डोंगल. तिथेही यादी रिकामीच दिसते, कारण यूजरला 'व्हीबॉक्सयूजर्स' ग्रुपमध्ये (व्हर्च्युअलबॉक्सला यूएसबी वापरू देणारा लिनक्सचा ग्रुप) घातलेलंच नसतं. घातलं तरी एकदा लॉगआउट करून परत लॉगिन करावं लागतं. एवढी एक ओळ सांगायची, तर शहाण्याचा फोन १ ते ४ बंद.