सारख्या बंदुका दिल्या तरी नवखा का हरतो

ऑनलाइन शूटर गेम्सविषयी एक विधान सध्या सर्रास पुढे पाठवले जाते. नवखा खेळाडू हरतो तो कौशल्यात मागे असल्यामुळे नव्हे, तर जुन्या खेळाडूंकडे वेगवान मॉनिटर, महागडा माउस आणि महिनोन्‌महिने खेळून अनलॉक केलेल्या बंदुका असतात म्हणून. सर्वांना सारखी साधने दिली तर सामना बरोबरीचा होईल, असे त्यात म्हटलेले असते. यातला बंदुकांचा भाग काही ठिकाणी खरा आहे. बाकीचे मला पटत नाही.

शेवटचा दावा आधी घेतो, कारण तो तपासणे सर्वांत सोपे आहे. ‘काउंटर-स्ट्राइक’च्या पहिल्या राउंडला प्रत्येकाच्या हाती खेळातले 800 डॉलर आणि एक पिस्तूल असते, 2017 मध्ये आलेल्या ‘पबजी’त 100 जण रिकाम्या हातांनी पॅराशूटने उतरतात. तरीही मुरलेले खेळाडूच पुन्हा पुन्हा वर येतात. 1999 च्या ‘क्वेक 3 अरेना’मध्ये सगळे एकाच मशीनगनने सुरुवात करतात, पण जाणकार खेळाडू लाल चिलखत उचलल्यापासून 25 सेकंद मनात मोजतो आणि ते पुन्हा उगवते त्या क्षणी तिथे हजर असतो, मेगा हेल्थसाठी, म्हणजे जीवनशक्ती वाढवणाऱ्या वस्तूसाठी, तो 35 सेकंद मोजतो. थोड्याच वेळात समोरच्या नवख्याला वाटू लागते की याच्याकडे साधने जास्त आहेत. ती खरोखरच जास्त असतात, पण नकाशा आणि वेळा पाठ असल्यामुळे त्याने ती मिळवलेली असतात.

आता मॉनिटर. 60 हर्ट्झचा मॉनिटर दर 16.7 मिलिसेकंदांनी नवे चित्र दाखवतो आणि 144 हर्ट्झचा 6.9 मिलिसेकंदांनी, म्हणजे फरक सुमारे 10 मिलिसेकंदांचा. डोळ्यांना दिसलेल्या गोष्टीवर बोट हलवायला माणसाला साधारणपणे 200 ते 250 मिलिसेकंद लागतात. दोन तुल्यबळ खेळाडूंमध्ये ते 10 मिलिसेकंद निर्णायक ठरू शकतात, आणि चित्रच अडखळत असेल किंवा पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ, सतत वरखाली होत असेल तर नवख्याची तक्रार रास्त आहे. परंतु त्याचा बहुतेक वेळ दुसरीकडेच खर्च होतो. एका नवशिक्या मित्राला मी माझ्या 144 हर्ट्झच्या मॉनिटरवर, माझाच माउस देऊन बसवले आणि शेजारी बसून पाहिले. दारातून आत शिरताना त्याचा क्रॉसहेअर, म्हणजे पडद्यावरची नेमाची खूण, जमिनीकडे होता. कोपऱ्यात शत्रू दिसताच त्याने माउस झटक्यात वर नेला, क्रॉसहेअर डोक्याच्याही वर गेला, तो पुन्हा खाली आणला, आणि हे सगळे चालतच केल्यामुळे गोळ्या भिंतीभर विखुरल्या. समोरच्याने क्रॉसहेअर आधीपासूनच डोक्याच्या उंचीवर धरलेला होता. त्याला फक्त थांबून एक क्लिक करायचा होता. या फरकाची भरपाई करणारा मॉनिटर बाजारात मिळत नाही.

राहिला अनलॉक केलेल्या बंदुकांचा मुद्दा. 2007 च्या ‘कॉल ऑफ ड्यूटी 4’मध्ये एम-16 ही अत्यंत प्रभावी रायफल नव्या खेळाडूलाही सुरुवातीपासून मिळत होती, तेव्हा ‘उशिरा मिळते ते भारी’ हे समीकरण सगळीकडे लागू होत नाही. ‘एस्केप फ्रॉम टार्कोव्ह’मध्ये मात्र ते बऱ्याच अंशी लागू होते. तिथे कमी भेदनक्षमतेची गोळी वरच्या वर्गाच्या चिलखतावर जवळजवळ वाया जाते आणि चांगली गोळी सुरुवातीला सहज मिळत नाही, हा अन्याय मी नाकारत नाही. पण त्याच गेममध्ये बीटाच्या, म्हणजे चाचणी आवृत्तीच्या, काळात अनेकदा ‘वाइप’ झाला, म्हणजे सर्वांची साठवलेली बंदूक-चिलखते पुसली जाऊन सगळे एका रेषेवर आले. तरी लूट कुठे असते आणि बाहेर पडायच्या वाटा कुठे आहेत हे ज्यांना ठाऊक होते, ते थोड्याच दिवसांत पुन्हा पुढे निघून गेले.

म्हणून नवख्यासाठी काही मागायचेच असेल, तर ते सारख्या बंदुका हे नसावे. पहिले काही सामने त्याच्याच पातळीच्या खेळाडूंशी लावून द्यावेत, आणि मेल्यावर समोरचा कुठे उभा होता व त्याचा क्रॉसहेअर कुठे होता हे दाखवणारा किलकॅम प्रत्येक गेममध्ये असावा. माझ्या मित्राला स्वतःची चूक कळली ती त्या राउंडचे रेकॉर्डिंग हळू करून तिसऱ्यांदा पाहिल्यावर.