आजींच्या कढईतली चार अंडी

इस्रायलातल्या बीरशेबा येथे संशोधनासाठी येऊन वर्ष होत आले, तेव्हा शक्षुका म्हणजे टोमॅटोच्या रश्शात अंडी फोडणे, आणि तेवढे तर आपण वसतिगृहात वॉर्डनची पावले ऐकत ऐकतही केले आहे, अशा भ्रमात मी समोरच्या आजींना शुक्रवारी न्याहारी करून घालण्याचे कबूल करून बसलो. आजी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातल्या, जन्म अलिबागजवळचा; त्यांची मराठी रायगडाचा ‘कुलाबा जिल्हा’ होता तेव्हाचीच आहे. यजमान मात्र ट्युनिसचे होते, आणि शक्षुका इस्रायलात रुजवली ती ट्युनिशिया-लिबियाकडून आलेल्या ज्यू कुटुंबांनी; म्हणजे परीक्षक पदार्थाच्या घरातल्याच. माझ्या भांड्यांवर त्यांचा विश्वास नसल्यामुळे प्रयोग त्यांच्याच स्वयंपाकघरात ठरला.

रस्सा जमला. लसूण, जिरे, ढोबळी मिरची आणि पाप्रिका घालून टोमॅटो तेल सुटेपर्यंत आटवले, चमच्याने त्यात चार आळी केली आणि पहिले अंडे कढईच्या काठावर आपटणार, तोच आजी ओरडल्या, “अरे बाळा, थेट नको! आधी पेल्यात फोड!” अंड्यात रक्ताचा ठिपका निघाला तर ते कोशेर, म्हणजे ज्यूंच्या आहारनियमांत बसणारे, राहत नाही, आणि ते तसेच रश्शात पडले तर सारीच न्याहारी गेली. मग प्रत्येक अंडे मी पेल्यात फोडायचे, आजींनी चष्मा लावून पेला खिडकीशी धरायचा आणि त्यांनी ‘चालेल’ म्हटल्यावरच ते आळ्यात उतरवायचे, असा रीतसर कार्यक्रम सुरू झाला. माझ्या प्रबंधाचीही इतकी कसून तपासणी झाली नव्हती.

खरा छळ पुढेच होता. बलक ७० अंश सेल्सिअसच्या आसपास घट्ट होतो, पण पांढऱ्यातले मुख्य प्रथिन पुरते थिजायला ८० च्या घरात जावे लागते. म्हणजे जे आधी शिजायला हवे, तेच निसर्गाने मागे ठेवले आहे. झाकण ठेवावे तर वाफेने बलकावर मोतीबिंदू चढतो, काढावे तर पांढरे लिबलिबत राहते. त्यातच तपासणीमुळे चारही अंड्यांची वये वेगळी पडली होती: पहिले सेवानिवृत्तीला आलेले, तर चौथे अजून पाळण्यात. चौथ्याची काळजी घेता घेता बाकीची तिन्ही हातची गेली, आणि तिघांच्या शोकात चौथेही.

आजींनी पावाचा तुकडा एका बलकात खुपसला, तुकडाच मोडला. “छान झालंय हो अंड्याचं कालवण,” त्या म्हणाल्या, आणि चपात्यांचा डबा काढायला उठल्या.