पोहायचे कपडे घ्यायचे का?

ऑस्ट्रेलियाच्या नकाशात उत्तरेच्या टोकाला डार्विन आहे. समुद्र, नारळ, आंबे आणि ऐन हिवाळ्यातही तिशीच्या वरचं ऊन. ते वाचून ठाण्या-पुण्याचे नातेवाईक म्हणतात, "म्हणजे गोवाच की!" आणि लगेच पुढचा प्रश्न येतो, पोहायचे कपडे घ्यायचे का? आमच्या घरात सहलींची आखणी माझ्या गळ्यात असल्यामुळे उत्तर मलाच द्यावं लागतं. ते असं, की घ्या, पण मी सांगेन तिथेच घाला.

डार्विनला पाणी कुठे नाही? आणि जिथे आहे तिथे बहुतेक ठिकाणी उतरायची सोय नाही. समुद्रात ऑक्टोबर ते मे बॉक्स जेलीफिश असतात. त्यांचा डंख जीवावर बेतू शकतो, म्हणून किनाऱ्यावर व्हिनेगरच्या बाटल्या ठेवलेल्या दिसतात. मग जून ते सप्टेंबर? तेव्हाही मगरी असतातच, त्या बारमाही. शिवाय भरती-ओहोटीत पाण्याची पातळी आठ मीटरपर्यंत वर-खाली होते, त्यामुळे सकाळी जिथे लाटा होत्या तिथे दुपारी चिखल. डार्विनकर तर समुद्राच्या कडेलाच, वॉटरफ्रंटला, बंदिस्त तळ्यात यंत्राने लाटा करून पोहतात. अथांग समुद्राकडे पाठ करून तिकीट काढून लाटा घेणारी ही माणसं वेडी नाहीत, एवढं नातेवाइकांना पटवण्यातच एक संध्याकाळ जाते.

नद्यांचं आणखी अवघड. खाऱ्या पाण्यातली मगर नुसतं म्हणायला खाऱ्या पाण्यातली. ती गोड्या नदीत, डबक्यात, पुराबरोबर रस्त्याकडेच्या चरातही येते. १९७१ मध्ये तिच्या शिकारीवर बंदी आली आणि तेव्हापासून तिचा वंश जोरात वाढला. नियम सोपे आहेत. काठापासून निदान पाच मीटर लांब उभं राहायचं, तंबू पन्नास मीटर लांब ठोकायचा, आणि पाटी नाही म्हणजे मगर नाही असं समजायचं नाही. हा शेवटचा नियम आपल्याकडच्या माणसाला जड जातो. 'येथे पोहू नये' अशी पाटी असतानाही उतरायची आपली परंपरा, तिथे पाटी नसताना थांबायचं कसं?

आता जायचं कधी? शहरातली माणसं दोनच ऋतू सांगतात: मे ते ऑक्टोबर कोरडा, नोव्हेंबर ते एप्रिल ओला. काकाडू या तिथल्या राष्ट्रीय उद्यानातले मूळचे बिनिंज लोक सहा ऋतू मानतात, आणि आखायला बसलं की त्यांचंच खरं वाटायला लागतं. दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर त्यांचा गुनुमेलेंग ऋतू चालू. रोज ढग येतात, गडगडतात, पाऊस पडेलच याची खात्री नाही, आणि अंगाला नुसत्या घामाच्या धारा. नाताळात गेलात तर धबधबे भरायला लागलेले, पण त्यांच्याकडे जाणारे रस्ते पाण्याखाली. तेव्हा काकाडूतला जिम जिम धबधबा बघायचा तर विमानातून. शिवाय १९७४ च्या नाताळात ट्रेसी चक्रीवादळाने हे शहर जवळजवळ पुसून टाकलं होतं, ही माहिती आजीच्या कानावर जाऊ देऊ नका. मे महिन्यात पाऊस थांबलेला असतो, सगळं हिरवंगार, पण जिम जिमचा रस्ता अजून बंद. आधी पाणी ओसरायला हवं, मग रस्ता दुरुस्त होतो, मग वनरक्षक सापळे लावतात, रात्री पाण्यावर बॅटऱ्या मारून मगरी शोधतात. खात्री पटली की फाटक उघडतं. सप्टेंबरला फाटक सताड उघडं, आणि धबधब्याच्या जागी कड्यावर नुसते काळे ओघळ. थोडक्यात, धबधबा आणि रस्ता यांची गाठ जून-जुलैत पडली तर पडते. आणि नेमकं तेव्हाच अख्खं मेलबर्न थंडीला कंटाळून तिथे आलेलं असतं.

पुढचा घोळ अंतराचा. मुंबईकराच्या डोक्यात नॅशनल पार्क म्हणजे बोरिवली, उतरलं की आलंच. काकाडू जवळजवळ वीस हजार चौरस किलोमीटर आहे, महाराष्ट्रातल्या सर्वांत मोठ्या अहिल्यानगर जिल्ह्याहूनही मोठं. डार्विनहून त्यातलं जबिरू गाव अडीचशे किलोमीटर. तिथून उबिरची कातळचित्रं उत्तरेला चाळीस, आणि यलो वॉटर या पाणथळीतल्या सफरीची बोट जिथून सुटते ते कुइंडा दक्षिणेला पन्नासेक. "सकाळी जाऊन संध्याकाळी परत येऊ" म्हणणाऱ्या काकांना नकाशा नाही, हिशेब दाखवावा. दोन रात्री हव्यातच. जबिरूत मगरीच्या आकाराचं एक हॉटेल आहे, वरून पाहिलं तर जबड्यापासून शेपटीपर्यंत मगर. मुलांना तेच काकाडूपेक्षा जास्त आवडतं.

हिशेब म्हणजे गाडीचा. तिथल्या भाड्याच्या गाड्यांना बहुधा रोज १०० किलोमीटरच मोफत असतात, आणि हे वाक्य करारात अगदी बारीक अक्षरात असतं. तीन दिवसांचे झाले ३००. डार्विन, जबिरू, उबिर, कुइंडा आणि परत असा फेरा सातशेपर्यंत जातो. वरचे ४००, समजा किलोमीटरला २५ सेंट धरले, तरी १०० डॉलर. म्हणून आधी 'अमर्याद किलोमीटर' कोण देतं ते विचारायचं, रंग आणि मॉडेल नंतर. साध्या गाडीला कच्च्या रस्त्यावर विमा नाही. फोर-बाय-फोर घेतली तरी ओढ्यात पाणी शिरून बंद पडली तर विमा नाही, आणि जिम जिमचा शेवटचा दहा किलोमीटरचा वाळू-दगडांचा पट्टा कित्येक करारांत नाव घेऊन वगळलेला असतो. पुढची काच आणि टायर यांचा विमा वेगळा. रोड ट्रेन, म्हणजे मागे अनेक डबे जोडलेला ट्रक, पन्नास मीटरहून लांब असते, तिच्या चाकांनी उडवलेला खडा कुठे लागेल हे ती सांगत नाही.

पण खरी मेख अंधाराची. कांगारू आणि रानरेडे रस्त्यावर येतात म्हणून बऱ्याच करारांत सूर्यास्तानंतर गावाबाहेर गाडी चालवायला बंदी असते. आणि काकाडूतलं सगळ्यांत प्रसिद्ध दृश्य कोणतं? उबिरच्या खडकावरून दिसणारा सूर्यास्त! तो बघून गाडीत बसलात की जबिरूपर्यंतचे चाळीस किलोमीटर तुम्ही विम्याविना. उपाय तीन: गाईडच्या गाडीने जाणे, उबिरजवळच्या मर्ल कॅम्पात तंबू ठोकून डासांना पोसणे, किंवा सूर्य टेकायच्या आत निघून बाकीचं फोटोत बघणे. माझं मत पहिल्याला. पैसे जातात, पण गाईड चित्रांबद्दल चार गोष्टी सांगतो, आणि रेडा आडवा आला तर ती त्याची काळजी.

पास दोन लागतात. काकाडू केंद्र सरकारचं, त्याचा पास सात दिवसांचा, दर हंगामाप्रमाणे वेगळा. लिचफिल्ड हे दुसरं उद्यान नॉर्दर्न टेरिटरी या तिथल्या प्रांताच्या सरकारचं, त्याचा पास निराळा. एकाने दुसरीकडे चालत नाही. दोन्ही घरूनच ऑनलाइन काढा, वाटेत मोबाइलला रेंज मिळेल या भरवशावर राहू नका.

लिचफिल्ड मात्र पोहायच्या कपड्यांचं गाव. डार्विनहून दीड तासावर, रस्ता डांबरी. ब्युली रॉकहोलला पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारी लहान कुंडं आहेत, कमरेएवढ्या पाण्यात आजीसुद्धा बसू शकते. सकाळी आठच्या आत पोचा, नंतर गाडी लावायला जागा नसते. फ्लॉरेन्स धबधब्याला खाली उतरायला भरपूर पायऱ्या, आणि त्या परत चढायच्याही असतात. वँगीचं कुंड सर्वांत देखणं, पण पाणी वाढलं की मगरीच्या भीतीने बंद. म्हणून त्या दिवशी सकाळी उघडं आहे का ते बघूनच निघायचं.

खाऊचं आत्ताच सांगते. पेढे-बर्फी आणू नका, दुधाची मिठाई ऑस्ट्रेलियात येऊ देत नाहीत. तांदूळ, डाळी, धने, जिरे, सुक्या मिरच्या, कच्चे शेंगदाणे, तेही नाही. बाकी जे आणाल ते विमानातल्या कार्डावर 'हो' वर खूण करून दाखवा. दाखवलेलं फार तर काढून घेतात. लपवलेलं सापडलं तर दंड हजारो डॉलरांत जातो, आणि व्हिसाही धोक्यात येतो.

राहता राहिली तारीख. मिंडिल किनाऱ्यावरचा बाजार फक्त गुरुवारी आणि रविवारी, म्हणून डार्विनचा मुक्काम त्याला जोडून. खारफुटीतल्या चावऱ्या चिलटांचा जोर पौर्णिमेच्या उधाणाला वाढतो, म्हणून पौर्णिमा टाळून. हे सगळं बसवून जुलैचा दुसरा आठवडा काढावा, तर ठाण्याहून निरोप येतो की शाळा जूनच्या मध्यातच सुरू होते, मे महिन्यात नाही का जमणार? जमेल की. जिम जिम बंद, समुद्रात जेलीफिश, बाकी बरंचसं उघडं. व्हिसाचे अर्ज मार्चमध्येच टाका, आणि मगरीच्या हॉटेलातल्या खोल्या त्याच्याही आधी धरा.