ओरडल्याने हिमस्खलन होत नाही

डिसेंबर जवळ आला की साताऱ्या-सांगलीच्या ट्रेकिंग ग्रुपांवर उत्तराखंडातल्या केदारकांठ्याच्या बर्फातल्या ट्रेकचं बुकिंग सुरू होतं आणि पाठोपाठ तो फॉरवर्डही येतो. त्याचं म्हणणं असं: हिमस्खलन मोठ्या आवाजाने होतं, म्हणून वर गप्प चाला, हंगामाच्या सुरुवातीला बर्फ कमी, तेव्हा भीती नाही, वाट मळलेली असेल तर बिनधास्त जा, आणि गाडले गेलातच तर धीर धरा, सियाचिनमध्ये जवान हनुमंतप्पा बर्फाखाली सहा दिवस जगले.

आवाजाचं आधी उरकतो. माणसाच्या ओरडण्याचा दाब बर्फाचा थर मोडायला फारच अपुरा पडतो. मुद्दाम हिमस्खलन घडवायचं तर स्फोटकं लागतात. कान द्यायचा तो पायाखालच्या ‘धप्प’ आवाजाला. तो आला, म्हणजे आतला कच्चा थर बसला. तिथून मागे फिरायचं.

खरी मेख ‘बर्फ कमी, तेव्हा भीती नाही’ या दुसऱ्या मुद्द्यात आहे. थर पातळ असताना तळाशी तापमान शून्याच्या आसपास आणि वर हवा कडाक्याची गार. एवढ्याशा जाडीत एवढा फरक पडला की तळाची वाफ वर सरकते आणि तिथला बर्फ कारखान्यातल्या साखरेसारखा सुटा, रवाळ होतो. मुठीत दाबून गोळा वळत नाही. त्यावर नवा बर्फ पडतो, वारा आणखी आणून टाकतो, घट्ट थर बनतो. साधारण 30 ते 45 अंशांच्या उतारावर हा थर त्या सुट्या दाण्यांवर नुसता टेकलेला असतो. एका माणसाच्या वजनाने दाणे ढासळतात, तडा लांबवर पळतो आणि अख्खा उतार सुटतो.

आपल्याला सवय दरडींची. जुलै 2021 मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मीरगावला दरड आली ती अतिवृष्टीने. बर्फात मात्र जीव गमावणाऱ्या दहांपैकी नऊजणांच्या बाबतीत उतार सुटतो तो त्यांच्याच किंवा सोबत्याच्या वजनाने.

मळलेल्या वाटेचं म्हणाल, तर थर एकसारखा जाड नसतो. चौघे सुखरूप जातात, पाचव्याचा पाय नेमका पातळ जागी पडतो. 4 ऑक्टोबर 2022 ला ‘द्रौपदी का दांडा-2’वर उत्तरकाशीच्या गिर्यारोहण संस्थेचे प्रशिक्षणार्थी हिमस्खलनात सापडले, तेव्हा प्रशिक्षकही बरोबर होते. किमान 27 जण गेले.

आणि सियाचिन. फेब्रुवारी 2016 मध्ये दहा जवान गाडले गेले. त्यांत आपल्या माण तालुक्यातलाही एक होता. नऊ जण जागीच गेले. हनुमंतप्पा जिवंत सापडले, पण 11 फेब्रुवारीला तेही गेले. या घटनेतून धीर कसा काय काढतात, कोण जाणे. गाडलेल्यांतले बहुतेक पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत काढले तर वाचतात; अर्ध्या तासाने निम्म्याहून जास्त दगावलेले असतात, बहुतेक गुदमरून. एवढ्या वेळात खालून मदत पोचत नाही, काढायचं ते सोबत्यांनीच. म्हणून तीव्र उतारावर एकेकट्याने जायचं, बाकीच्यांनी नजर ठेवायची. ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठावठिकाणा सांगणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं प्रत्येकाकडे हवं, नुसतं लीडरच्या सॅकमध्ये असून भागत नाही. लीडरच गाडला गेला तर?