बिनपंथाची मंडळी म्हणजे बेवारस मंडळी नव्हे

नाशिकच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर पुन्हापुन्हा फिरतो. माझ्याकडे तो आत्तापर्यंत चारदा आला, त्यात एकदा सख्ख्या शेजाऱ्यांकडून. म्हणणं थोडक्यात असं: गल्लोगल्ली निघालेल्या बिनपंथाच्या, म्हणजे कुठल्याच ख्रिस्ती पंथाशी न जोडलेल्या, चर्चना कुठल्याच मोठ्या चर्चचा आधार नाही, म्हणजे ती बेवारस; ती परदेशी पैशावर उभी राहतात; तांदूळ आणि नोकरीचं आमिष दाखवून वाढतात; आणि नाशिकच्या मातीशी त्यांचं काही नातं नाही. सिडकोतल्या अशाच एका छोट्या मंडळीत, म्हणजे एकत्र उपासना करणाऱ्या ख्रिस्ती लोकांच्या समूहात, मी बावीस वर्षं आहे, त्यातली नऊ वर्षं खजिनदार म्हणून. गप्प बसणं मला जमणार नाही.

आधी ‘बेवारस’ हा शब्द घेऊ, कारण तोच मला सर्वांत जास्त लागला. आमची मंडळी कुणाशी भांडून निघालेली नाही. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत कामाला आलेली पाच कुटुंबं एका मावशींच्या दोन खोल्यांत बुधवारी संध्याकाळी प्रार्थनेला बसू लागली, इतकीच तिची सुरुवात. एक घर जालन्याचं, दोन नेवाशाकडची, एक भुसावळचं, एक इथलंच नाशिकरोडचं. जुन्या काळी मिशनांनी महाराष्ट्रात आपापली क्षेत्रं धरली होती. नाशिकला अँग्लिकनांची चर्च मिशनरी सोसायटी, नगर भागात अमेरिकन मराठी मिशन, जालन्याला स्कॉटिश मिशन, भुसावळकडे अलायन्स नावाचं मिशन. म्हणजे आपण कुठल्या पंथाचे, हे आपल्याकडे पुष्कळदा आजोबांच्या तालुक्यावरून ठरलं. मावशींच्या सतरंजीवर पाच घरं आणि चार परंपरा बसल्या होत्या. कुणाकडे तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा, कुणाकडे जाणत्या वयात पाण्यात उतरून. यातल्या कुणाची पाटी लावायची? म्हणून कुणाचीच लावली नाही. पुढे एका क्लासच्या सरांनी रविवारी सकाळपुरता त्यांचा हॉल भाड्याने दिला. आजही आम्ही बाक भिंतीला सरकवतो आणि फळ्यावरची गणितं तशीच ठेवून उपासना करतो.

पंथांच्या भिंती ओलांडण्याची ही इच्छा आमच्यापासून सुरू झालेली नाही. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा वेगवेगळ्या चर्चपरंपरा एकत्र आल्या आणि त्यातून सीएनआय, म्हणजे आजची उत्तर भारतीय चर्च, झाली. घरात भरणारी मंडळी तर त्याहून कितीतरी जुनी. बायबलमध्ये पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सोळाव्या अध्यायात प्रिस्का आणि अक्विला यांच्या घरातल्या मंडळीला सलाम सांगितला आहे.

बेवारस म्हणजे कुणालाच हिशेब न देणारी, असंही आम्ही नाही. आमचा न्यास 1950 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेला आहे. दरवर्षी ऑडिट होतं. विश्वस्त बदलला तर 90 दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची लेखी माहिती, द्यावा लागतो. न्यासाची जमीन विकायची तर कलम 36 प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी. देवस्थानाच्या न्यासाला जो कायदा, तोच आम्हाला.

मात्र एक धोका खरा आहे आणि तो मी लपवणार नाही. छोट्या मंडळीत सगळं एका माणसाभोवती फिरू लागतं. आमचे आधीचे एक पाळक, म्हणजे पास्टर, नवी जागा स्वतःच्या नावावर घ्यायची म्हणत होते. वडीलमंडळींनी नकार दिला. ते निघून गेले, त्यांच्यामागे अकरा माणसं गेली, त्यात संडेस्कूल चालवणारी ताईही होती. त्या वर्षी नाताळला आम्ही एकोणीस जण होतो. ‘नाही’ म्हणणारे लोक आतच होते म्हणून मंडळी वाचली. जिथे असे लोक नसतील तिथे जरूर प्रश्न विचारा, मी तुमच्या बाजूने उभा राहीन.

परदेशी पैशाचं उत्तर लहान आहे. परदेशातून देणगी घ्यायची तर एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांवरच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा सरकारची पूर्वपरवानगी लागते, आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्लीच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरू शकते. आमची ना नोंदणी आहे, ना तिथे खातं. आमचा पैसा येतो तो निळ्या कापडी पिशवीतून. उपासना झाली की दोघं जण ती टेबलावर उलटी करतात. दहाच्या नोटा वेगळ्या, वीसच्या वेगळ्या, नाण्यांच्या चळती वेगळ्या. मोजणारे दर रविवारी बदलतात आणि वहीत दोघांच्या सह्या होतात. एक आजी दर महिन्याला पेन्शनचा दशमांश पाकिटात घालून देतात, पाकिटावर थरथरत्या हाताने रक्कम लिहिलेली. ही पाकिटं नऊ वर्षं मी उघडतो आहे. ‘परदेशी पैसा’ वाचलं की मला ते अक्षर दिसतं.

आता आमिष. अनुसूचित जातीचा माणूस ख्रिस्ती झाला तर त्याला काय मिळतं? 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार तो दर्जा हिंदू, शीख आणि बौद्धांनाच आहे. ख्रिस्ती झालेल्याचा तो जातो, आणि त्याच्याबरोबर त्या आरक्षणाचा हक्कही. यात घालवण्यासारखं पुष्कळ आहे. आकडेही बघा. महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या 2001 च्या जनगणनेत 10,58,313 होती, 2011 मध्ये 10,80,073. दहा वर्षांत जेमतेम दोन टक्के वाढ, त्याच काळात राज्याची लोकसंख्या सोळा टक्क्यांनी वाढली. आमच्या मंडळीची वाढ म्हणाल तर बदल्या, लग्नं आणि बाळंतपणं. औषधं बंद करा, चंगाई होईल, म्हणजे प्रार्थनेनेच बरे व्हाल, असं सांगत फिरणारे प्रचारक आहेत हे मला माहीत आहे. ते मला अजिबात मान्य नाही. आमच्याकडे एका पाहुण्या वक्त्याने मधुमेहाच्या गोळ्या सोडायला सांगितल्या, त्याला आम्ही पुन्हा कधी बोलावलं नाही.

शेवटी माती. शरणपूर रोडवरून रोज जाणाऱ्यांना त्या नावामागचं शरणपूर बहुधा ठाऊक नसतं. 1854 साली वसलेलं ते ख्रिस्ती गाव. गुलामगिरीतून सुटलेली आफ्रिकन मुलं तिथे शिकली. त्यांतलाच जेकब वेनराइट 1874 साली आफ्रिकेत वारलेले मिशनरी-संशोधक लिव्हिंग्स्टन यांच्या शवपेटीबरोबर लंडनला पोचला. लक्ष्मीबाई टिळकांचं माहेर गोदाकाठचं जलालपूर. त्यांचे पती नारायण वामन टिळक, ज्यांचे अभंग आम्ही पेटी-ढोलकीवर गातो, त्यांनी 1917 साली मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ काढला. ख्रिस्ताला मानणारा कुणीही त्यात यावा, बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, असं त्यांचं म्हणणं. बिनपंथाची कल्पना या मातीत शंभर वर्षांपूर्वीच रुजली होती.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी. त्याचा रस विकत आणत नाहीत. हंगामात दिंडोरीकडून काळी द्राक्षं येतात, त्याच मावशी ती मोठ्या पातेल्यात उकळतात, पातळ फडक्याने गाळून बाटल्या भरतात आणि वर्षभर पुरतील अशा जपून ठेवतात. फडक्याचा जांभळा डाग काही केल्या जात नाही.